आधी मजकूर सोडवा, मग संगणक बदला

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीला द्यायचा नियमित आधार थांबवला. जुलै २०१५मध्ये आलेली ही प्रणाली दहा वर्षं जगभरातल्या कोट्यवधी संगणकांवर चालत होती. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना सुरक्षेच्या दुरुस्त्यांसाठी १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतची मुदतवाढ मिळाली, नोंदणी न करणाऱ्यांना तीही नाही. आणि ज्याच्याकडे सात-आठ वर्षांहून जुना संगणक आहे, त्याच्यापुढे एक प्रश्न उभा राहिला. आहे त्याच संगणकात थोडी भर घालून तो चालवायचा, की सरळ नवा घ्यायचा?

शहरातल्या नोकरदाराला हा प्रश्न खिशापुरता असतो. बेळगाव-निपाणीच्या सीमाभागात तो खिशापुरता राहत नाही.

कडोली हे बेळगाव तालुक्यातलं गाव. दर वर्षी जानेवारीत इथे मराठी साहित्य संमेलन भरतं. उचगाव, सांबरा, येळ्ळूर, कुद्रेमानी, बेळगुंदी, तिकडे निपाणी भागात कारदगा, अशी संमेलनांची रांगच या पट्ट्यात लागते. राज्यकारभाराची भाषा कन्नड असलेल्या राज्यात गावकरी वर्गणी काढून ही संमेलनं उभी करतात, आणि प्रत्येक संमेलनामागे कागद असतो. निमंत्रणपत्रिका, कार्यक्रमपत्रिका, अध्यक्षीय भाषण, स्मरणिका. वर्षभर त्याच्या जोडीला लग्नपत्रिका, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, गणेशोत्सव मंडळांची पावतीपुस्तकं, सीमाभाग महाराष्ट्रात यावा अशी मागणी करणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीची पत्रकं. हा सगळा मजकूर डीटीपीच्या कुठल्या ना कुठल्या दुकानातून जातो, आणि तिथल्या संगणकातच राहतो. तो संगणक बदलायचा म्हणजे नेमकं काय बदलायचं, याचा विचार दुकानदाराइतकाच गावानेही करायला हवा.

बाजारात या प्रश्नाची दोन तयार उत्तरं मिळतात. विक्रेता म्हणतो, जुन्यावर पैसे घालू नका, नवा घ्या, कटकट संपेल. वापरणारा म्हणतो, चालतोय ना अजून, मग कशाला हात लावायचा? दोघांचीही नजर टेबलाखालच्या डब्यावर असते. तो किती जुना, त्याची किंमत किती, तो आणखी किती दिवस काढेल. खरं तर डब्याचं वय ही या निर्णयातली सगळ्यात कमी उपयोगाची माहिती आहे. आधी दोन गोष्टी कळायला हव्यात. संगणक मंद आहे तो नेमक्या कोणत्या भागामुळे? आणि त्याच्यात साठलेलं काम दुसऱ्या संगणकावर जसंच्या तसं जाऊ शकतं का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, तरी ते शोधण्याआधीच निर्णय होऊन जातो. 'सीपीयू हँग होतो' एवढी तक्रार ऐकली की दुरुस्तीवाला फॉरमॅट मारून नव्याने विंडोज टाकतो. दोन-तीन महिने बरे जातात आणि पुन्हा तेच. बहुतेक वेळा अडचण फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कमध्ये असते. ही तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते, आणि वाचणारं टोक योग्य जागी पोचायला दर खेपेला काही मिलिसेकंद जातात. एखादी मोठी फाइल सलग वाचायची असेल तर ती सेकंदाला शंभर-दीडशे एमबीचा वेग देते. पण विंडोज सुरू होताना किंवा शेकडो फॉन्ट उघडताना हजारो लहान तुकडे वेगवेगळ्या जागांहून उचलावे लागतात. तिथे सेकंदाला शंभर-दीडशे तुकडे ही तिची हद्द. तिच्या जागी बसणाऱ्या एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नसतं. साधी साटा एसएसडीसुद्धा सेकंदाला हजारो तुकडे उचलते आणि सलग वाचन पाचशे एमबीपर्यंत नेते. २०१२ किंवा २०१३च्या संगणकात एसएसडी बसवली की तो पाच मिनिटांऐवजी अर्ध्या मिनिटात कामाला लागतो, ही यंत्रशास्त्राची साधी गोष्ट आहे.

तपासायला पैसे लागत नाहीत. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. काम चालू असताना डिस्कचा रकाना शंभर टक्क्यांवर अडकून राहिला तर दोष डिस्कचा. मेमरी नव्वदच्या पुढे असेल तर रॅम कमी पडतेय. पान मांडणीच्या कामाला आठ जीबी पुरते, आणि डीडीआर३च्या जुन्या पट्ट्या दुरुस्तीच्या दुकानांत निघालेल्या यंत्रांतून मिळतात. प्रोसेसरचाच रकाना सतत भरलेला असेल, तर मात्र डिस्क बदलून किंवा रॅम वाढवून काही हाती लागणार नाही. खर्चाचा एक ठोकताळा इथे उपयोगी पडावा. भर घालण्याचा खर्च नव्या यंत्राच्या किमतीच्या एक तृतीयांशाच्या आत असेल आणि मदरबोर्ड धड असेल, तर भर घालणंच शहाणपणाचं.

याला अलीकडे आणखी एक कारण मिळालं. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप्सची मागणी इतकी वाढवली, की २०२५च्या अखेरीस रॅमचे भाव जगभर चढले. डिसेंबर २०२५मध्ये मायक्रॉन कंपनीने 'क्रुशल' या नावाने सामान्य ग्राहकांना रॅम आणि एसएसडी विकण्याचा व्यवसाय बंद करण्याचं जाहीर केलं. भाववाढ सुट्या भागांना लागते तशी नव्या संगणकालाही लागते, कारण त्याच्याही पोटात तीच मेमरी असते. चालू यंत्राची किंमत अशा काळात आपोआप वाढते.

मग जुनं यंत्र कुठे थांबतं? एक भिंत विंडोज ११ने घातली आहे. ऑक्टोबर २०२१मध्ये आलेल्या या प्रणालीला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि साधारण आठव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर किंवा त्या तोडीचा एएमडी लागतो. सातव्या पिढीचा चांगला आय-फाइव्ह प्रोसेसर कामाला पुरेसा असूनही दाराबाहेर राहतो. आडमार्गाने विंडोज ११ टाकून देणारे भेटतात, पण अशा यंत्रांना पुढच्या दुरुस्त्या मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. आणि २०२४च्या आवृत्तीपासून कोअर टू ड्युओसारखे बरेच जुने प्रोसेसर तर सुरूच होत नाहीत, कारण तिला लागणाऱ्या काही सूचनाच त्यांना कळत नाहीत.

दुसरी भिंत इंटरनेटची. विंडोज ७चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला, तरी अनेक दुकानांत ती पुढेही चालू राहिली. मग २०२३च्या सुरुवातीला क्रोमने १०९ ही तिच्यासाठीची शेवटची आवृत्ती ठरवली. ब्राउझर थिजला की बँकेची, सरकारी सेवांची, पैसे भरण्याची पानं एकेक करून रुसू लागतात. सुरक्षेचा धोका तर त्याहून मोठा. मे २०१७मध्ये वॉनाक्राय या हल्ल्याने दीडशे देशांतले दोन लाखांहून अधिक संगणक कुलूपबंद केले. त्यापासून वाचवणारी दुरुस्ती दोन महिने आधीच निघालेली होती. ज्यांनी ती बसवली नाही, किंवा ज्यांच्या प्रणालीला ती मिळतच नव्हती, ते सापडले. ज्या दुकानात गिऱ्हाइकांची आधार कार्डं स्कॅन होतात आणि व्हॉट्सॲपवरून रोज अनोळखी फाइली येतात, तिथे आधार संपलेली प्रणाली इंटरनेटला जोडून ठेवणं दुकानदाराच्याही हिताचं नाही आणि गिऱ्हाइकाच्याही.

इथपर्यंतचं गणित कुठल्याही गावातल्या कुठल्याही दुकानाला लागू पडतं. डीटीपीच्या दुकानात मात्र एक वेगळीच अडचण असते, आणि या लेखाचा मुख्य मुद्दा तोच आहे.

१९८५मध्ये आल्डस कंपनीने पेजमेकर हे पान मांडणीचं सॉफ्टवेअर काढलं. १९९४मध्ये आल्डस ॲडोबीकडे गेली, २००१मध्ये पेजमेकर ७.० आलं, आणि ती त्याची शेवटची मोठी आवृत्ती ठरली. दरम्यानच्या काळात पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी, बेंगळुरूच्या सायबरस्केपचं आकृती आणि सी-डॅकचं आयएसएम यांनी मराठी अक्षरं संगणकावर आणली. शिशाच्या खिळ्यांवर चालणारे तालुक्याच्या गावचे छापखाने त्यांच्यामुळेच संगणकावर आले. ती बनवणाऱ्यांचे उपकार मोठे आहेत. पण त्या काळी सर्वत्र चालणारी सांकेतिक पद्धत उपलब्ध सॉफ्टवेअरमध्ये नव्हती, म्हणून त्यांनी वापरलेला मार्ग असा होता, की रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवायचे. अर्धा ग एका जागी, काना दुसऱ्या जागी, रफार तिसऱ्या. पडद्यावर आणि कागदावर सुंदर मराठी उमटतं, संगणकाच्या स्मरणात मात्र असतात ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. प्रत्येक कंपनीची मांडणीही वेगळी.

याचे परिणाम आज दिसतात. असा फॉन्ट नसलेल्या संगणकावर ती फाइल उघडली की अर्थहीन रोमन अक्षरांच्या ओळी येतात. तिच्यापासून केलेली पीडीएफ दिसायला स्वच्छ, पण तिच्यातलं एखादं नाव शोधायला गेलं तर सापडत नाही आणि परिच्छेद उचलून दुसरीकडे चिकटवता येत नाही. त्या काळच्या अनेक सॉफ्टवेअरना डोंगल म्हणजे हार्डवेअर लॉक लागायचा. तो ज्या पॅरलल पोर्टमध्ये बसायचा, ते पोर्ट नव्या यंत्रांवर राहिलेलंच नाही. विंडोज ११ची ३२ बिट आवृत्ती निघालेली नाही, आणि ६४ बिट प्रणालीत लॉकचे जुने ३२ बिट ड्रायव्हर चढत नाहीत. दुकानाच्या कोपऱ्यात एक्सपीवर किंवा विंडोज ७वर चालणारा संगणक झाकून ठेवलेला असतो तो काटकसर म्हणून नव्हे. पंधरा-वीस वर्षांची अक्षरं त्याच्यात कोंडलेली आहेत म्हणून. तो बदलायची भीती वाटते ती पैशांची कमी आणि मजकूर हातचा जाण्याची जास्त.

आणि विचित्र गोष्ट अशी, की त्या संगणकात भर घातली काय किंवा त्याच्याशेजारी नवा आणला काय, मजकूर कोंडलेलाच राहतो. एसएसडी बसवून पेजमेकर लवकर उघडेल एवढंच. नव्या संगणकावर खटपट करून तेच पेजमेकर आणि तोच फॉन्ट बसवला, तर जुनी कैद नव्या इमारतीत हलली. म्हणून सीमाभागातल्या दुकानांसाठी बदलाची सुरुवात यंत्रापासून करणं चूक आहे. पहिला खर्च, पैशांचा नव्हे तर वेळेचा, मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सर्वत्र चालणाऱ्या सांकेतिक पद्धतीत, आणण्यावर व्हायला हवा.

युनिकोडच्या १९९१च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती. विंडोज २०००पासून ती मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीत वापरता येऊ लागली. पान मांडणीत मात्र तिला वेळ लागला. ॲडोबीच्याच इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्या नीट जुळवणारी सोय आली ती सीएस६ या २०१२च्या आवृत्तीत. म्हणजे ज्यांनी तोवर पेजमेकर सोडलं नाही त्यांना दोष देता येत नाही. २०१२नंतरचं कारण मात्र सवय हेच राहिलं.

बाहेर काढण्याच्या वाटा आहेत. इनडिझाइन सीएस६ पेजमेकरच्या जुन्या फाइली उघडतं, त्यानंतरच्या सीसी आवृत्त्यांनी ती सोय काढून टाकली. लिबर ऑफिस हे मोफत सॉफ्टवेअर २०१५च्या ४.४ आवृत्तीपासून पेजमेकरच्या फाइली वाचतं. पानाची मांडणी विस्कटते, पण मजकूर हाती येतो. तो मग फॉन्ट कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये नेता येतो. इथे नजर तयार लागते. जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफाराचं नेमकं उलट. जोडाक्षर मोठं असलं की कन्व्हर्टर चुकतो. 'वाऱ्यावर'चं 'वार्यावर' होणं, 'दऱ्या' आणि 'दर्या' यांची गल्लत होणं हे नेहमीचं. म्हणून रूपांतर झाल्यावर छापील प्रतीशी ताडून प्रूफ वाचायलाच हवं, विशेषतः माणसांची आणि गावांची नावं.

ज्या फाइली कुठल्याच वाटेने उघडत नाहीत, त्यांच्यासाठी जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत काढून ती नव्या संगणकावर आभासी यंत्रात चालवता येते. व्हर्च्युअलबॉक्स हे त्यासाठीचं मोफत साधन आहे, आणि यूएसबी लॉक असेल तर तोही बहुधा त्यात जोडता येतो. ते जमलं नाही तर जुना संगणक ठेवावा, पण इंटरनेटपासून तोडून, पेनड्राइव्ह दर वेळी तपासून, आणि त्याच्या डिस्कची प्रत दुसरीकडे ठेवून. दहा वर्षं फिरलेली तबकडी कधी बंद पडेल याचा भरवसा नसतो.

ऑपरेटर मंडळी तीन हरकती घेतात आणि तिन्ही खऱ्या आहेत. बोटांना टायपरायटरच्या रेमिंग्टन मांडणीची सवय झालेली, युनिकोडची इनस्क्रिप्ट मांडणी कुठे शिकत बसायची? शिकायची गरज नाही. टायपरायटरच्या मांडणीने युनिकोड टाइप करून देणारी साधनं मिळतात, आणि श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरच्या पुढच्या आवृत्त्याही युनिकोड देतात. दुसरी हरकत अक्षरांच्या वळणाची. जुन्या फॉन्टांत ल आणि श मराठी वळणाचे यायचे, युनिकोड फॉन्टांत बहुधा हिंदी वळण आधी दिसतं. अनेक चांगल्या फॉन्टांत मराठी वळण आत असतं, मजकुराची भाषा मराठी ठरवल्यावर ते बाहेर येतं. ते नसेल तर फॉन्ट बदलावा. मुंबईच्या एक टाइप या समूहाचा 'मुक्त' मोफत आणि खुला आहे. त्यांच्याच 'बालू' कुटुंबात देवनागरीसोबत 'बालू तम्मा' हा कन्नड फॉन्टही आहे. सीमाभागात ही सोय लहान नाही. इथल्या फलकावर, पावतीपुस्तकावर, कित्येकदा लग्नपत्रिकेवरही दोन्ही लिप्या शेजारी बसतात, आणि कन्नड गणक परिषदेचं 'नुडी' हे सॉफ्टवेअर आणि मराठीचा जुना फॉन्ट यांची एकाच पानावर जुळणी करताना ऑपरेटरचा किती वेळ जातो हे त्यालाच ठाऊक. युनिकोडमध्ये दोन्ही भाषा एकाच फाइलीत, एकाच रेघेवर येतात.

तिसरी हरकत वेळेची, आणि तिच्यापुढे नमावं लागतं. वीस वर्षांच्या सगळ्या लग्नपत्रिका रूपांतरित करून कोणी बसणार नाही, बसूही नये. निवड करावी लागेल. संमेलनाध्यक्षांची भाषणं, स्मरणिका, गावाचा किंवा संस्थेचा इतिहास सांगणारे सुवर्णमहोत्सवी अंक, समितीची पत्रकं एवढं पुष्कळ झालं. महाराष्ट्रातल्या एखाद्या गावात मराठी मजकूर हरवला तर मराठीत दुसरीकडे काही ना काही नोंद उरते, सरकारी दप्तर तरी मराठीत असतं. १९५६मध्ये तेव्हाच्या म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक, राज्यात गेलेल्या बेळगावात सरकारी दप्तर कन्नडमध्ये आहे. इथे मराठी माणसांनी मराठीत काय लिहिलं, काय मागितलं, कुणाला बोलावलं, याचा पुरावा हाच खाजगी छापील कागद. २००४पासून सीमाप्रश्नाचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. जो समाज आपल्या भाषेचा हक्क कागदपत्रांच्या आधारे मांडतो, त्याने ती कागदपत्रं एका बंद पडलेल्या सॉफ्टवेअरच्या हवाली ठेवू नयेत.

मजकूर मोकळा झाला की यंत्राचा निर्णय किती सोपा होतो, याचं उदाहरण केरळने घालून दिलं आहे. तिथे २००१मध्ये सुरू झालेला आयटी ॲट स्कूल प्रकल्प, जो आता काइट या नावाने चालतो, त्याने सरकारी शाळांतले संगणक मुक्त सॉफ्टवेअरवर, मल्याळम चालणाऱ्या लिनक्सवर आणले. मायक्रोसॉफ्टने कधी कोणती प्रणाली बंद केली यावर त्या शाळांच्या वर्गखोल्या अवलंबून राहिल्या नाहीत. कडोलीच्या दुकानानेही लिनक्सच वापरावा असं नव्हे. कोरल ड्रॉवर हात बसलेल्या ऑपरेटरला तो महागात पडेल. पण टायपिंग, प्रूफ, पीडीएफ आणि इंटरनेट यांसाठी विंडोज ११ने नाकारलेल्या सातव्या पिढीच्या यंत्रावर तो उत्तम चालतो. आणि स्क्रायबससारखं मोफत मांडणी सॉफ्टवेअरही आता, २०२४च्या १.६ आवृत्तीत, भारतीय लिप्या जुळवतं.

विजेचा हिशेब नव्याच्या बाजूने बोलतो, तोही मांडायला हवा. जुना डेस्कटॉप आणि आजचा लहान संगणक यांच्यात ६० वॉटचा फरक धरला, रोज आठ तास आणि वर्षाला ३०० दिवस काम धरलं, तर वर्षाला १४४ युनिट होतात. युनिटला आठ रुपये पडले तरी बचत साधारण साडेअकराशे रुपयांची. एवढ्यावर नव्या यंत्राची किंमत वसूल व्हायला कित्येक वर्षं जातील. दुसऱ्या बाजूला कचरा. २०२२मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निघाला आणि त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेला, असं संयुक्त राष्ट्रांशी संबंधित संस्थांनी २०२४च्या अहवालात म्हटलं आहे. बाकीच्यातला काही दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत हातोडी आणि आम्लाने फोडला जातो. संगणकामुळे होणाऱ्या प्रदूषणाचा मोठा वाटा तो बनवतानाच होऊन गेलेला असतो. चालू यंत्र आणखी चार वर्षं वापरणं म्हणूनच विजेच्या बचतीपेक्षा जास्त मोलाचं.

नवाच घ्यायची वेळ आली तरी कोरा घ्यायलाच हवा असं नाही. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षं वापरून काढून टाकतात ते थिंकपॅड आणि लॅटिट्यूडसारखे लॅपटॉप बेंगळुरूच्या एसपी रोडवरून राज्यभर जातात. आठव्या पिढीच्या पुढचा, बॅटरी आणि स्क्रीन तपासून घेतलेला असा लॅपटॉप दुकानाच्या इंटरनेटच्या कामाला पुरतो.

या सगळ्यात गिऱ्हाइकाची जबाबदारी मोठी आहे, कारण दुकानदार तेच देतो जे मागितलं जातं. संमेलनाची समिती, सोसायटी किंवा मंडळ छपाईचं बिल देतं आणि छापील प्रतींचा गठ्ठा उचलतं. फाइल दुकानातच राहते. बिलासोबत पीडीएफ आणि युनिकोडमधला साधा मजकूर, दोन्ही मागून घेण्याची पद्धत कडोलीसारख्या जाणत्या गावाने पाडावी. दुकानदाराला त्यासाठी थोडे जास्त पैसे द्यावेत, तेही आनंदाने द्यावेत. जानेवारीच्या संमेलनाचं काम दुकानात डिसेंबरात येतं, तेव्हा कुणालाच उसंत नसते. लग्नसराई संपून पाऊस लागला की मात्र दुकानात काम मंदावतं, ते गणपतीच्या पावतीपुस्तकांपर्यंत. जुन्या फाइलींतली भाषणं बाहेर काढायला, वाचायला जाणती माणसं बसवायला आणि मग त्या कोपऱ्यातल्या संगणकाचं काय करायचं ते ठरवायला एवढे आठवडे पुरेसे आहेत.